बिल्ड लायब्ररीतले कोणते हेल्पर पब्लिक ठेवायचे?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कंपनीत ग्रेडलसाठी (कोडपासून चालता प्रोग्राम बनवायचं, म्हणजे बिल्डचं साधन) कॉटलिन या भाषेत लिहिलेली एक सामायिक लायब्ररी आहे आणि चौदा रेपो (कोडची भांडारं) ती वापरतात. त्यात कन्व्हेन्शन प्लगिन्स (सगळ्या प्रोजेक्टना सारखे नियम लावणारी) पाच-सहाच आहेत, पण त्यांच्या पोटात वाढत गेलेले छोटे हेल्पर, म्हणजे मदतीची फंक्शन्स, चाळीसेक झालेत. ते सगळे पब्लिक आहेत, म्हणजे बाहेरून कुणीही वापरू शकतं, कारण कॉटलिनमध्ये काहीच लिहिलं नाही की फंक्शन पब्लिक होतं. आता एक सीनियर म्हणतात, सगळं इंटर्नल, म्हणजे फक्त लायब्ररीच्या आतून दिसेल असं, करून टाका. दोन टीम म्हणतात, तसं केलंत तर आमचे बिल्ड फुटतील. नमुन्यादाखल तुम्ही पाच नावं दिलीत: गिटमधल्या कमिटचा (कोडच्या एका नोंदीचा) छोटा हॅश, म्हणजे ओळखक्रमांक, देणारा ‘गिट शा’, ‘इज सीआय’, ‘कॅटलॉग व्हर्जन’, ‘रजिस्टर इंटिग्रेशन टेस्ट’ आणि ‘कॅपिटलाइज्ड’. यातलं काय ठेवायचं आणि ते कशावरून ठरवायचं, हा तुमचा प्रश्न.

आधी कसोटीबद्दल. तुमच्या चर्चेत ‘हा हेल्पर इतरांच्या उपयोगाचा आहे का’ हा प्रश्न सारखा येतोय. त्या कसोटीवर चाळीसच्या चाळीस पास होतील, कारण बिनउपयोगाचं फंक्शन मुद्दाम कुणी लिहीतच नाही. पब्लिक करताना आपण शब्द देत असतो. या नावाचं फंक्शन राहील, ते याच प्रकारची गोष्ट परत देईल, आणि बिल्डच्या ज्या टप्प्यावर आज चालतं त्याच टप्प्यावर उद्याही चालेल. यातली तिसरी गोष्ट बिल्डच्या लायब्ररीत सगळ्यात महागात पडते, आणि सिग्नेचरमध्ये (फंक्शनचं नाव, पॅरामीटर आणि परतीचा प्रकार सांगणाऱ्या ओळीत) नेमकी तीच लिहिलेली नसते.

म्हणून मी प्रश्न असा विचारतो: ही ओळ त्या टीमच्या बिल्ड फाइलमध्ये शोभते का? त्यांच्या प्रोजेक्टबद्दल ती काही सांगते, की आमच्या लायब्ररीची आतली यंत्रणा कशी चालते ते सांगते? ‘आमच्याकडे इंटिग्रेशन टेस्ट आहेत’ हे त्यांचं वाक्य आहे. ‘कॅटलॉगमधून अमुक व्हर्जन काढ आणि त्याची स्ट्रिंग कर’ हे आमचं. पहिल्या जातीचे हेल्पर पब्लिक करावेत, दुसऱ्या जातीचे करू नयेत. चाळिसातले तीस-पस्तीस या एका प्रश्नावर निकालात निघतात, असा माझा अनुभव आहे. उरलेल्यांवर मात्र बसून विचार करावा लागतो.

परिस्थितीप्रमाणे यात फरक पडतो, तो आधीच सांगतो. तुमचे चौदाही प्रोजेक्ट एकाच मोठ्या रेपोत असते आणि लायब्ररी त्यातच ‘बिल्ड-लॉजिक’सारखी इन्क्लूडेड बिल्ड म्हणून असती, तर मी इतका कडक राहिलो नसतो. तिथे सिग्नेचर बदलायची तर सगळे कॉलर एकाच कमिटमध्ये बदलता येतात आणि चुकलं तर सीआय (आपोआप बिल्ड आणि टेस्ट चालवणारी यंत्रणा) तासाभरात सांगतं. तुमचे चौदा रेपो वेगळे आहेत, लायब्ररी व्हर्जन नंबर लावून पब्लिश होते आणि प्रत्येक टीम आपापल्या सवडीनं अपग्रेड करते. म्हणजे जुनी व्हर्जन्स महिनोन्‌महिने वापरात राहणार. शिवाय तुम्ही ओझरतं लिहिलंय की एका प्लॅटफॉर्म टीमनं तुमच्या लायब्ररीवर स्वतःचं प्लगिन बांधलंय. ती बाब फार महत्त्वाची आहे, तिच्याकडे पुढे येतो.

आता ‘गिट शा’. यावर जरा सविस्तर लिहितो, कारण अगदी हाच हेल्पर आमच्याकडेही होता आणि कसोटी मी त्याच्यामुळेच शिकलो.

आमचा हेल्पर सहा ओळींचा होता. ‘गिट रेव्ह-पार्स’ कमांड ‘शॉर्ट’ पर्यायासह चालवायची, आउटपुट ट्रिम करायचा, स्ट्रिंग परत द्यायची. जार फाइलच्या मॅनिफेस्टमध्ये कमिट लिहायला आम्हीच तो केला होता. पब्लिक राहिला, कारण कुणी की-वर्ड लिहिला नाही. वर्षभरात अकरा रेपोंमध्ये त्याचे कॉल दिसायला लागले. एका टीमनं हॅश आर्टिफॅक्टच्या फाइलनावात घातला आणि त्यांची डिप्लॉयची स्क्रिप्ट नावाची शेवटची सात अक्षरं कापून घ्यायला लागली. छोट्या हॅशची लांबी कायम सातच असते असं त्यांनी धरलं होतं. पण गिट 2.11 पासून, म्हणजे 2016 पासून, ही लांबी रेपोच्या आकारानुसार आपोआप वाढते. त्यांचा रेपो मोठा झाला, हॅश आठ अक्षरांचा झाला आणि स्क्रिप्ट चुकीचं नाव शोधायला लागली.

दुसरी टीम डॉकरमध्ये बिल्ड करायची आणि त्यांच्या ‘डॉकरइग्नोर’मध्ये गिटचं फोल्डर वगळलेलं होतं. हेल्पर तिथे एक्सेप्शन टाकायचा. आमच्यातल्या एकानं चांगल्या हेतूनं ‘कॅच’ लावून ‘अननोन’ ही स्ट्रिंग परत द्यायला सुरुवात केली. चार महिन्यांनी तिसऱ्याच टीमच्या बिल्ड फाइलमध्ये मला ही अट दिसली: ‘गिट शा’ची किंमत ‘अननोन’ असेल तर आपण कंटेनरमध्ये आहोत, मग अमुक टेस्ट वगळा. म्हणजे आमच्या चूक झाकणाऱ्या एका शब्दावर त्यांच्या टेस्ट अवलंबून होत्या. वापरणारे पुरेसे वाढले की तुमच्या कोडचं दिसणारं प्रत्येक वर्तन कुणी ना कुणी गृहीत धरतं. आपल्या क्षेत्रात याला हायरमचा नियम म्हणतात. मी तो वाचलेला होता, पण पटला त्या दिवशी.

खरा भुर्दंड त्यानंतर पडला. 2023 च्या एप्रिलमध्ये ग्रेडल 8.1 आलं आणि कॉन्फिगरेशन कॅश (बिल्डची आखणी साठवून पुढच्या वेळी तीच वापरणारी सोय) स्थिर झाली. आम्हाला ती हवी होती, कारण मोठ्या प्रोजेक्टमध्ये नुसत्या कॉन्फिगरेशनलाच अर्धा मिनिट जायचा. पण कॉन्फिगरेशनच्या टप्प्यावर बाहेरची प्रोसेस अशी थेट चालवलेली ही कॅश खपवून घेत नाही. मार्ग आहे: 7.5 पासून ‘प्रोव्हायडर्स’वर ‘एक्झेक’ मिळतं, आणि ते आउटपुट प्रोव्हायडरच्या रूपात देतं, म्हणजे गरज पडेल तेव्हाच किंमत काढणारी वस्तू. म्हणजे आमच्या हेल्परला स्ट्रिंगऐवजी स्ट्रिंगचा प्रोव्हायडर परत द्यावा लागणार होता. सहा ओळींचं फंक्शन, त्यातला एक प्रकार बदलायचा, आणि अकरा रेपो मोडणार. प्रोव्हायडरवर लगेच ‘गेट’ मारून जुनी सिग्नेचर टिकवता आली असती, पण मग ती किंमत कॅश अजून चालेल का ते तपासणाऱ्या ठशात जाते आणि दर नव्या कमिटला कॅश रद्द होते. ज्या कामासाठी हे सगळं करायचं तेच हातचं जातं.

शेवटी नव्या नावाचा हेल्पर केला, जुना डेप्रिकेट केला, म्हणजे ‘हा आता वापरू नका’ असं जाहीर केलं, आणि प्रत्येक रेपोत जाऊन कॉल बदलले. दोन टीमच्या जुन्या रिलीज ब्रँच चालू होत्या, म्हणून हे काम सात महिने रेंगाळलं. ते करताना प्रत्येक कॉलपाशी थांबून मी विचारत गेलो, तुम्हाला हा हॅश नेमका कशाला हवाय? बहुतेकांचं उत्तर एकच: ‘सर्व्हरवर कुठला कमिट चाललाय ते कळायला हवं.’ त्यांना हॅश हातात नको होताच. त्यांना हवी होती बिल्डची माहिती आर्टिफॅक्टमध्ये लिहून देणारी सोय. आज आमच्या एक्स्टेन्शनमध्ये (टीमनं बिल्ड फाइलमध्ये भरायच्या सेटिंगच्या ब्लॉकमध्ये) ‘बिल्ड इन्फो’ नावाची एक ओळ आहे, ती चालू केली की एक टास्क कमिट, ब्रँच आणि व्हर्जन एका प्रॉपर्टीज फाइलमध्ये लिहितं. हॅश कसा काढायचा, कधी काढायचा, गिट नसेल तर काय करायचं, हे सगळं आतल्या आत राहतं आणि आम्ही ते तेव्हापासून दोनदा बदललंय. कुणाला पत्ता लागला नाही.

म्हणून ‘गिट शा’बद्दल माझं मत स्पष्ट आहे: इंटर्नल करा, आणि त्याआधी ‘बिल्ड इन्फो’सारखी ओळ द्या. क्रम उलटा करू नका. आधी दार लावलं आणि सोय नंतर दिली, तर मधल्या काळात लोक तेच सहा ओळींचं फंक्शन आपापल्या रेपोत चिकटवतात आणि मग ते तुमच्या हाताबाहेर जातं.

‘इज सीआय’ हा वरकरणी सगळ्यात निरुपद्रवी आहे. एन्व्हायर्नमेंटमधला ‘सीआय’ व्हेरिएबल वाचायचा आणि हो किंवा नाही सांगायचं. गिटहब ॲक्शन्स आणि गिटलॅब दोघंही तो स्वतःहून भरतात, त्यामुळे सिग्नेचरही कधी बदलणार नाही. तरीही मी तो पब्लिक करणार नाही, कारण एखादी गोष्ट पब्लिक करणं म्हणजे ती वापरा असं सांगणंही असतं. हा हेल्पर हाताशी आला की लोक लिहितात: सीआय असेल तर वॉर्निंगला एरर समजा, नाहीतर नको. आता कंपायलरचे फ्लॅग हे कंपाइल टास्कचे इनपुट आहेत. सीआयवर एक फ्लॅग जास्त लागला की तिथल्या टास्कची कॅश-की वेगळी होते, आणि रिमोट बिल्ड कॅशमध्ये सीआयनं ठेवलेलं त्या टास्कचं आउटपुट डेव्हलपरच्या मशीनला मिळत नाही. सकाळी पुल करून बिल्ड मारणारा माणूस सगळं पुन्हा कंपाइल करत बसतो आणि कारण कुणालाच कळत नाही. त्यापेक्षा धोरणाला नाव द्या. ‘वॉर्निंग म्हणजे एरर’ ही प्रॉपर्टी लायब्ररीत ठेवा, सगळ्यांसाठी तिची किंमत एकच ठेवा, आणि एखाद्याला तात्पुरती बंद करायची असेल तर कमांड लाइनवरून करू द्या.

‘कॅटलॉग व्हर्जन’ पटकन सांगून होतं. व्हर्जन कॅटलॉग (लायब्ररींची व्हर्जन्स एका जागी लिहायची यादी) ग्रेडल 7.4 पासून, म्हणजे 2022 पासून, स्थिर आहेत आणि बिल्ड फाइलमध्ये ‘लिब्स’ टाइप केलं की सगळं थेट मिळतं. तिथे हा हेल्पर लागतच नाही. तो लागतो प्लगिनच्या आत, कारण तिथे ‘लिब्स’सारखी तयार नावं (टाइप-सेफ ॲक्सेसर्स) मिळत नाहीत. म्हणजे गरज आपली आहे, त्यांची नाही. इंटर्नल. प्लॅटफॉर्म टीमला त्यांच्या प्लगिनमध्ये हवाच असेल तर कॅटलॉगचं एक्स्टेन्शन घ्यायचं, नावानं कॅटलॉग मागायचा आणि व्हर्जन शोधायचं, एवढ्या तीन ओळी त्यांनी स्वतःच्या लिहाव्यात. अशा तीन ओळींची पुनरावृत्ती मला परवडते. त्यांनी कॅटलॉगचं नाव ‘लिब्स’ऐवजी दुसरं ठेवलं तर त्यांच्या तीन ओळी त्यांच्या हातात असतात.

‘कॅपिटलाइज्ड’बद्दल तर ग्रेडलच्या जगात घडलेला दाखलाच आहे. टास्कची नावं जोडताना पहिलं अक्षर मोठं करावं लागतं. कॉटलिनमध्ये त्यासाठी ‘कॅपिटलाइज’ होतं, ते 1.5 मध्ये 2021 साली डेप्रिकेट झालं आणि बदली म्हणून सुचवलेला कोड लांबलचक होता. ग्रेडलच्या स्वतःच्या कोडमध्ये, कॉन्फिगरेशन कॅशच्या एका पॅकेजात, ‘कॅपिटलाइज्ड’ नावाचा छोटा हेल्पर होता. आयडीईनं ऑटो-इम्पोर्टमध्ये तो दाखवला आणि लोकांनी एंटर मारला. पॅकेजच्या नावात ‘इंटर्नल’ शब्द नव्हता, म्हणून कुणाला शंकाही आली नाही. पुढे ग्रेडल 8 च्या मालिकेत तो हेल्पर दुसऱ्या, या वेळी ‘इंटर्नल’ नाव असलेल्या पॅकेजात गेला आणि अपग्रेड करणाऱ्यांच्या बिल्ड फाइल्स ‘अनरिझॉल्व्ह्ड रेफरन्स’ म्हणायला लागल्या. ग्रेडलनं तो कधीच कबूल केला नव्हता, नियमानुसार चूक वापरणाऱ्यांची. पण सोमवारी सकाळी ज्याचा बिल्ड फेल झालेला असतो त्याला नियम सांगून उपयोग नसतो. इंटर्नल गोष्ट ‘इंटर्नल’ नावाच्या पॅकेजात ठेवा, म्हणजे इम्पोर्टची ओळ वाचतानाच माणसाला समजेल. आणि स्ट्रिंगशी खेळणारे हेल्पर कुणालाच देऊ नका, ते बिल्डबद्दल काहीच बोलत नाहीत.

आता राहिला ‘रजिस्टर इंटिग्रेशन टेस्ट’. तुमच्या पाचांमध्ये हा एकच मी पब्लिक ठेवीन, आणि त्याच्या आकारावर बाकी चौघांपेक्षा जास्त वेळ घालवीन. तो कसोटीला पूर्ण उतरतो. टीम एक ओळ लिहिते, त्यामागे सोर्स सेट (कोडचा वेगळा गट) तयार होतो, डिपेंडन्सीची कॉन्फिगरेशन्स जोडली जातात, टास्क रजिस्टर होतं आणि ‘चेक’ला लागतं. त्यांनी काय आहे ते सांगितलं, कसं करायचं ते आपण बघतो. ग्रेडलमध्ये 7.3 पासून जेव्हीएम टेस्ट सूट हे प्लगिन जवळजवळ हेच काम करतं, तेव्हा आतून त्याचा आधार घेता येतो का तेही बघा. ते प्लगिन स्वतःच अजून ‘इन्क्युबेटिंग’, म्हणजे बदलू शकणारं, असल्यामुळे त्याचे प्रकार तुमच्या सिग्नेचरमध्ये येऊ देऊ नका. त्यांनी बदल केला तर तो तुमच्या भिंतीपाशी थांबला पाहिजे.

तुम्ही दिलेल्या सिग्नेचरमध्ये मला तीन गोष्टी खटकल्या.

पहिली, तो थेट ‘टास्क’ परत देतो. ग्रेडल 4.9 पासून, म्हणजे 2018 पासून, टास्क ‘क्रिएट’ न करता ‘रजिस्टर’ करायची पद्धत आहे, म्हणजे गरज पडेपर्यंत ते बनतच नाही. तुमचा हेल्पर टास्कच हातात देतो म्हटल्यावर ते बनवावंच लागतं, मग कुणी नुसतं ‘हेल्प’ चालवलं तरी. टास्क प्रोव्हायडर परत द्या, किंवा काहीच देऊ नका. मी ‘काहीच देऊ नका’कडे झुकतो. कुणाला ते टास्क हवंच असेल तर नावानं मागता येतं, आणि नाव तर आपण कागदोपत्री कबूल केलेलं आहेच.

इथे ग्रेडलचंच उदाहरण लक्षात ठेवण्यासारखं आहे. ‘बिल्ड डिर’ ही प्रॉपर्टी अगदी सुरुवातीपासून साधी फाइल परत द्यायची. पण ती वाचल्यावर कुणी बिल्ड फोल्डर बदललं तर आधी वाचणाऱ्याच्या हातात जुनाच पत्ता राहायचा. लेआउटमधली ‘बिल्ड डिरेक्टरी’ हा आळशी (गरज पडल्यावरच किंमत काढणारा) पर्याय आला तरी जुनी प्रॉपर्टी रीतसर डेप्रिकेट व्हायला 2023 मधलं 8.3 उजाडलं, कारण जगभरच्या बिल्ड फाइल्समध्ये ती रुतून बसली होती. फाइल की फाइलचा प्रोव्हायडर, एवढाच फरक. तुमच्या उरलेल्या पस्तीस हेल्परांवरून नजर फिरवताना सगळ्यात आधी परतीचा प्रकार बघा. साधी स्ट्रिंग, साधी फाइल, साधी लिस्ट परत देणारा हेल्पर कॉन्फिगरेशनच्या वेळीच सगळं ठरवून मोकळा होतो. तो पब्लिक करायचाच असेल तर आधी प्रोव्हायडरवर आणा.

दुसरी गोष्ट, एकामागोमाग तीन बुलियन (हो किंवा नाही) पॅरामीटर. कॉल करताना ‘ट्रू, फॉल्स, ट्रू’ असं दिसतं आणि सहा महिन्यांनी लिहिणाऱ्यालाही त्याचा अर्थ लागत नाही. कॉन्फिगरेशनचा ब्लॉक घ्या आणि आत ‘प्रॉपर्टी’ प्रकारची नावं द्या.

याला वाचनीयतेपलीकडचंही कारण आहे आणि इथे ती प्लॅटफॉर्म टीम येते. बिल्ड फाइल दर वेळी तुमच्या नव्या व्हर्जनवर पुन्हा कंपाइल होते, त्यामुळे चौथा पॅरामीटर डीफॉल्ट किमतीसह घातला तर तिथे काहीच मोडत नाही. पण त्यांचं प्लगिन तुमच्या जुन्या व्हर्जनवर कंपाइल होऊन पब्लिश झालेलं असतं. कॉटलिनमध्ये डीफॉल्ट पॅरामीटर वाढवला की बाइटकोडमधली (कंपाइल झालेल्या कोडमधली) सिग्नेचर बदलते, आणि त्यांचं प्लगिन चालताना ‘नो सच मेथड एरर’ देऊन पडतं. कंपाइल सगळं हिरवं, रनटाइमला लाल. ब्लॉकमध्ये नवी प्रॉपर्टी वाढवली तर हा प्रश्न येत नाही. इनलाइन फंक्शनचंही असंच: त्याचा मजकूर कॉलरच्या बाइटकोडमध्ये उतरतो, तुम्ही आतली चूक दुरुस्त केलीत तरी त्यांच्या प्लगिनमध्ये जुनीच प्रत चालत राहते. म्हणून पब्लिक हेल्पर इनलाइन असेल तर तो एका ओळीचा ठेवायचा आणि त्यानं खरं काम दुसऱ्या साध्या फंक्शनकडे सोपवायचं.

तिसरी गोष्ट, त्याच्या आत ‘आफ्टर इव्हॅल्युएट’ (बिल्ड फाइल वाचून झाल्यावर चालणारा कोड) आहे. तो आत असताना हेल्पर पब्लिक करू नका. दोन प्लगिन्सनी ते वापरलं की कोण आधी चालणार हे प्लगिन लावायच्या क्रमावर ठरतं आणि लोक नकळत त्या क्रमावर विसंबतात. मी वर म्हटलेला तिसरा शब्द, कुठल्या टप्प्यावर चालतं तो, हाच.

आता प्रत्यक्ष साफसफाई. सीनियरांचं ‘सगळं इंटर्नल करा’ हे दिशा म्हणून बरोबर आहे, एका झटक्यात मात्र नको. मी असं करीन. आधी कॉटलिनचा ‘एक्स्प्लिसिट एपीआय’ मोड लावा. तो 1.4 पासून आहे आणि तो लावला की प्रत्येक पब्लिक गोष्टीसमोर ‘पब्लिक’ हा शब्द हातानं लिहावा लागतो, नाहीतर कंपाइल होत नाही. पहिल्या दिवशी चाळीस ठिकाणी तो शब्द लिहा, कुणाचं काही मोडणार नाही. पण त्यानंतर चुकून पब्लिक होणं थांबेल, आणि हा रोग तिथूनच सुरू झाला होता. जोडीला कॉटलिनचा बायनरी कंपॅटिबिलिटी व्हॅलिडेटर लावा. तो लायब्ररीचा सगळा पब्लिक चेहरा एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहितो आणि ती फाइल कोडसोबत कमिट होते. आमच्याकडे रिव्ह्यूचा एकच नियम आहे: त्या फाइलमध्ये ओळ वाढली तर दोन जणांची मंजुरी लागते, आणि मागणाऱ्यानं आपल्या बिल्ड फाइलमधला तो कॉल कसा दिसेल ते लिहून दाखवायचं. निम्म्या मागण्या त्या दुसऱ्या अटीवरच बदलतात. कॉल लिहून बघितला की माणसाला स्वतःलाच कळतं की आपल्याला वेगळंच काहीतरी हवं होतं.

मग शोध घ्या. चौदाही रेपोंमध्ये प्रत्येक हेल्परचं नाव शोधायला एक दुपार पुरते. ज्यांना एकही कॉल नाही ते त्याच आठवड्यात इंटर्नल करा, त्यासाठी कुणाला विचारायची गरज नाही. तुमच्या बाबतीत हे निम्म्याहून जास्त निघाले तर मला नवल वाटणार नाही. उरलेल्यांना डेप्रिकेट करताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. कॉटलिनची डेप्रिकेशनची वॉर्निंग बिल्ड फाइल कंपाइल होताना दिसते, आणि ग्रेडल कंपाइल झालेली स्क्रिप्ट कॅश करतं. फाइल बदलली नाही तर वॉर्निंग पुन्हा दिसतच नाही. म्हणून हेल्परच्या आतूनही लॉगवर एक ओळ टाका, त्यात बदली काय वापरायचं ते लिहा. शेवटी काढताना थेट डिलीट न करता डेप्रिकेशनची पातळी ‘हिडन’ करा. नवा कोड ते बघू शकत नाही, पण आधी कंपाइल झालेलं प्लॅटफॉर्म टीमचं प्लगिन चालत राहतं.

टेस्टसाठी पब्लिक ठेवावं लागतं, असं तुमच्या सहकाऱ्यानं म्हटलंय, ते खरं नाही. त्याच मॉड्यूलच्या युनिट टेस्टना इंटर्नल दिसतं. फंक्शनल टेस्टचा वेगळा सोर्स सेट असेल तर त्याचं कंपाइलेशन मुख्य कंपाइलेशनशी ‘असोसिएट’ करता येतं, म्हणजे तिथेही दिसतं.

शेवटचं एक, कारण तुम्ही लिहिलंय की तीन रेपोंत अजून ग्रूव्ही या दुसऱ्या भाषेतल्या बिल्ड फाइल्स आहेत. कॉटलिनचं ‘इंटर्नल’ हे बाइटकोडमध्ये पब्लिकच असतं आणि ते कॉटलिनचा कंपायलरच पाळतो. ग्रूव्हीला ते दिसत नाही, तिथून क्लासच्या बाहेर लिहिलेला हेल्पर बिनदिक्कत कॉल होतो. म्हणजे हेल्पर इंटर्नल केल्यावर अकरा रेपोंमध्ये लगेच एरर येईल आणि या तिघांमध्ये काहीच होणार नाही, जोवर तुम्ही एखाद्या दिवशी नाव बदलत नाही तोवर. मघाशी म्हटलेला शोध घेताना या तीन रेपोंपासून सुरुवात करा, आणि तक्रार करणाऱ्या दोन टीमपैकी एखादी त्यांतली आहे का ते आधी बघा. असेल तर त्यांच्या फाइलमधल्या प्रत्येक कॉलपाशी बसून तो कशाला हवाय ते विचारा. ‘बिल्ड इन्फो’ची ओळ आम्हाला तशाच एका बैठकीत सापडली होती.